बांबूपासून लगद्यापर्यंत : लिग्निन वेगळे करण्याचा इतिहास



जुने वर्तमानपत्र माळ्यावर टाकले की दोन पावसाळ्यांत ते पिवळे पडते आणि हातात घेतले की त्याचा तुकडा पडतो. उलट आपल्या पणजोबांच्या काळातली जमाखर्चाची वही किंवा एखादी हस्तलिखित पोथी दोनशे वर्षांनंतरही पान उलटू देते. पोथीच्या कागदात चिंध्या आणि ताग होता, वर्तमानपत्राच्या कागदात दळलेले लाकूड असते, आणि लाकडात लिग्निन नावाचा एक पदार्थ असतो. ऊन आणि हवा लागली की तो पिवळा पडतो. गेली पावणेदोनशे वर्षे हा पदार्थ लाकडातून कसा सोडवावा या एका प्रश्नाभोवती कागदाचा सगळा धंदा फिरतो आहे. चंद्रपूर आणि गडचिरोली या आपल्या दोन जिल्ह्यांतल्या बांबूचे भवितव्यही त्याच प्रश्नाला बांधलेले आहे. म्हणून आजचा विषय मी हाच घेतला.

मी काही रसायनशास्त्री नव्हे. कामगारांच्या सभा घेता घेता, डायजेस्टरवर आणि बॉयलरवर काम करणाऱ्या माणसांकडून आणि मिळतील त्या पुस्तकांतून जे शिकलो, ते आपल्यापुढे ठेवतो.

लिग्निन म्हणजे काय?

घर बांधताना आपण लोखंडी सळया उभ्या करतो आणि त्यांभोवती सिमेंट ओततो. झाडाने नेमके हेच केलेले असते. त्याच्या सळया म्हणजे सेल्युलोजचे तंतू. पांढरे, लांब आणि चिवट. कापूस हा जवळजवळ निव्वळ सेल्युलोज. या तंतूंना एकमेकांशी घट्ट जखडून ठेवणारे सिमेंट म्हणजे लिग्निन. लाकूड म्हणजे लॅटिन भाषेत 'लिग्नम'; त्यावरून स्विस वनस्पतिशास्त्रज्ञ द कांदोल याने १८१३ साली हे नाव दिले. पुढे १८३८ मध्ये पायेन या फ्रेंच संशोधकाने लाकडावर नत्राम्लाची क्रिया करून दाखवून दिले की लाकूड हा एकजिनसी पदार्थ नाही. त्यात एक तंतुमय द्रव्य आहे आणि त्यावर दुसऱ्या द्रव्याचा लेप चढलेला आहे. तंतुमय द्रव्याला त्याने सेल्युलोज म्हटले.

बांबूत लिग्निनचा भाग ढोबळमानाने चौथाई असतो. तो आहे म्हणून आपला वेळू वाऱ्यात वाकतो पण मोडत नाही, आणि बुरुडाने विणलेली टोपली ओझे पेलते. म्हणजे बुरुडाला जे हवे तेच कागदवाल्याला नको असते. बांबूवरून आपल्या भागात जे तंटे झाले, त्यांचे बीज या एका वाक्यात आहे असे मला वाटते.

चिंध्यांचा कागद

आपल्याकडे कागद नवा नाही. दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्यात आणि जुन्नरला कागद होत असे. तो करणारे ते कागदी. त्यांचे आडनावच धंद्याने ठरवले. हे लोक चिंध्या, जुने दोर, तागाची पोती घेत, चुन्याच्या पाण्यात भिजवीत, कुटीत, धूत, पुन्हा कुटीत. वापरून वापरून झिजलेल्या तागात आणि कापसात लिग्निन नावापुरते. म्हणून चुन्याच्या सौम्य खारावर भागत असे. तो कागद टिकला याचे श्रेय कारागिराच्या हाताला आहे तितकेच कच्च्या मालालाही आहे.

परंतु एकोणिसाव्या शतकात यंत्रे आली, छापखाने वाढले, आणि युरोपात चिंध्या पुरेनात. तेव्हा नजर जंगलाकडे वळली. १८४४ साली जर्मनीत केलर याने लाकूड दगडावर घासून त्याचा लगदा करण्याची युक्ती काढली. तिने कागद स्वस्त झाला, पण लिग्निन जिथल्या तिथे राहिले. वर्तमानपत्र पिवळे पडते ते यामुळे. लिग्निन खरोखरच काढायचे तर त्याला विरघळवायला हवे होते, आणि ते पाण्यात विरघळत नाही.

शिजविण्याचे तीन मार्ग

१८५० नंतरच्या तीस-पस्तीस वर्षांत तीन रीती निघाल्या. इंग्लंडात वॉट आणि बर्जेस यांनी लाकडाचे तुकडे कॉस्टिक सोड्यात, बंद भांड्यात, दाबाखाली शिजविले. अमेरिकेत टिल्घमन याने १८६७ मध्ये गंधकाच्या आम्लाचा, म्हणजे सल्फाइटचा मार्ग दाखवला. स्वीडनच्या एकमनने १८७४ च्या सुमारास तो कारखान्यात चालवून दाखवला. तिसरी रीत कार्ल डाल याची. डान्झिग येथे १८७९ च्या सुमारास त्याने सोड्याबरोबर सोडियम सल्फाइड वापरले आणि लगदा अधिक बळकट निघाला. जर्मन भाषेत बळ म्हणजे 'क्राफ्ट'. तेच नाव पडले. आज जगातला बहुतेक रासायनिक लगदा याच रीतीने होतो.

ही रीत थोडक्यात अशी. बांबू चिपरमध्ये घालून त्याचे बारीक तुकडे करावयाचे. ते डायजेस्टरमध्ये भरून वरून पांढरा अर्क, म्हणजे कॉस्टिक आणि सल्फाइडचे पाणी, सोडावयाचे आणि वाफेने १६० ते १७० अंश सेल्सियसपर्यंत तापवावयाचे. काही तासांत लिग्निनची साखळी तुटते आणि ते अर्कात उतरते. मागे तपकिरी लगदा उरतो. तो धुवून, पांढरा करून यंत्रावर जातो. जो अर्क निघतो तो काळाकुट्ट असतो. कामगार त्याला 'ब्लॅक लिकर' म्हणतात. एक टन पांढऱ्या लगद्यासाठी दोन टनांहून अधिक सुका बांबू लागतो. म्हणजे जंगलातून आलेल्या मालाचा अर्ध्याहून मोठा भाग कागदात जातच नाही. तो या काळ्या पाण्यात जातो.

हे काळे पाणी कुठे सोडावयाचे? पूर्वी उत्तर एकच होते: नदीत. पण त्याबरोबर सोडाही वाहून जाई, आणि सोडा फुकट येत नाही. म्हणून कारखानदाराने नदीची नव्हे, सोड्याची काळजी केली. काळा अर्क आटवून दाट करावयाचा, भट्टीत जाळावयाचा. लिग्निन जळून वाफ देते, आणि तळाशी वितळलेला सोडा उरतो. त्यावर चुन्याची क्रिया केली की पांढरा अर्क पुन्हा तयार. १९३० नंतर टॉमलिन्सन याच्या रिकव्हरी बॉयलरने हे काम पक्के बसवले. चांगल्या कारखान्यात शंभरातले पंचाण्णवांहून अधिक भाग रसायन परत मिळते. क्राफ्टची रीत जगभर पसरली ती तिचा लगदा बळकट म्हणून, आणि त्याहूनही तिचा विद्रावक परत मिळतो म्हणून. हा मुद्दा ध्यानात ठेवावा. पुढे नव्या विद्रावकांविषयी बोलताना तोच कसोटीला लागणार आहे.

पण या रीतीची किंमत कामगाराने नाकाने आणि फुप्फुसाने मोजली आहे. सल्फाइडमुळे कुजक्या कोबीसारखी दुर्गंधी सुटते; ती गावभर पसरते. ती नुसती त्रासदायक आहे. खरा घातक वायू हायड्रोजन सल्फाइड. तो थोडा असला तर सडक्या अंड्यासारखा वास येतो, आणि फार असला तर नाकाची वास घेण्याची शक्तीच मारून टाकतो. एका कारखान्यात खड्ड्यात उतरलेला मजूर गुदमरला, तेव्हा चौकशीत साहेबांनी सांगितले की वास आला नव्हता, अर्थात वायू नव्हता. शास्त्र याच्या नेमके उलट सांगते. वायू मोजण्याचे यंत्र कमरेला लावल्यावाचून माणूस खड्ड्यात उतरवू नये, ही मागणी आम्ही तेव्हा लिहून दिली. रसायनशास्त्र कामगाराने का शिकावे याचे याहून चांगले कारण मला ठाऊक नाही.

बांबूची पाळी

हिंदुस्थानात देवदाराची जंगले हिमालयात, उंचावर, वाटेपासून दूर. मैदानाजवळ होता तो बांबू. इंग्रज कागदवाला टॉमस रूटलेज याने १८७५ साली बांबूपासून कागद होईल अशी पुस्तिका लिहिली. पण बांबू सरळ शिजेना. त्याची गाठ कठीण, त्याच्यात पिष्ट पदार्थ, आणि ते सोडा आधीच खाऊन टाकीत. हे कोडे विल्यम रेट याने डेहराडूनच्या वनसंशोधन संस्थेत काम करून सोडविले. आधी बांबू चिरडावा, मग एकाच फेरीत सगळे विरघळविण्याचा हट्ट न धरता टप्प्याटप्प्याने शिजवावे. सौम्य अर्काने पिष्ट काढावे, नंतर तीव्र अर्काने लिग्निन. त्याचे पुस्तक १९३१ मध्ये निघाले.

या शास्त्राला कायद्याचा हात मिळाला. १९२५ साली दिल्लीच्या विधिमंडळाने बांबू-कागद उद्योगाला संरक्षण देणारा कायदा केला आणि परदेशी छपाईच्या व लिहिण्याच्या कागदावर रतलामागे एक आणा जकात बसवली. १९३२ मध्ये त्याची मुदत वाढली आणि परदेशी लाकडी लगद्यावरही जकात बसली. देशी उद्योग उभा राहावा हा हेतू योग्यच होता. तथापि संरक्षण मिळाले ते कारखान्याला. बांबू तोडणाऱ्याला आणि बांबूच्या रानात राहणाऱ्याला त्या कायद्यात कुठेच जागा नव्हती.

बल्लारपूर

१९४५ साली लाला करमचंद थापर यांच्या पुढाकाराने 'बल्लारपूर पेपर अँड स्ट्रॉ बोर्ड मिल्स' ही कंपनी स्थापन झाली. १९७५ मध्ये तिचे नाव बल्लारपूर इंडस्ट्रीज झाले. जागा विचारपूर्वक निवडलेली होती. एका बाजूला वर्धा नदीचे पाणी, जवळच कोळशाच्या खाणी, दिल्ली-मद्रास रेल्वेचे स्टेशन, आणि पूर्वेला आलापल्ली, सिरोंचा, भामरागडपर्यंत पसरलेले बांबूचे रान. तेव्हा हा सगळा चांदा जिल्हा. १९६४ मध्ये त्याचे नाव चंद्रपूर झाले आणि २६ ऑगस्ट १९८२ रोजी त्यातून गडचिरोली वेगळा झाला. कारखाना चंद्रपुरात राहिला आणि मोठे रान गडचिरोलीत गेले. नकाशावरची ही रेघ अर्थकारणाचीही रेघ आहे.

रानात मुख्यतः दोन जाती. मानवेल, हा भरीव आणि चिवट. आणि कटांग, हा जाड व काटेरी. पावसाळ्यात कोवळे कोंब येतात, त्यांना आपल्याकडे वास्ते म्हणतात. लोक त्यांची भाजी करतात. एक वास्ता खुडला किंवा तुडवला म्हणजे पुढचा एक बांबू गेला. मोठ्या कापणीत बेट साफ केले, खोडाच्या वर हात दीड हात उंचीवर तोडले, नवे-जुने पाहिले नाही, तर बेटच मरते. तोडणाऱ्याला बंडलामागे मजुरी मिळे. बेट पुढच्या वर्षी जगेल की नाही याचा हिशेब बंडलाच्या दरात नव्हता.

१८७८ च्या जंगल कायद्यापासून, आणि १९२७ च्या कायद्याने अधिक स्पष्टपणे, बांबू सरकारी झाला. १९२७ च्या कायद्यात 'वृक्ष' या शब्दाच्या व्याख्येत बांबू घातला होता. वनस्पतिशास्त्र म्हणते की बांबू हे गवत. कायदा म्हणाला, झाड. या एका शब्दामुळे माडिया गोंडाला आपल्या पाड्यामागचा वेळू घरासाठी निस्तार म्हणून मिळे, पण विकता येत नसे. आणि बुरुडाला टोपलीच्या बांबूसाठी डेपोच्या दारात उभे राहावे लागे. त्याच रानातून मालाच्या गाड्या कारखान्याकडे जात होत्या.

लिग्निनचे महत्त्व येथे कळते. बुरूड सबंध बांबू वापरतो, लिग्निनसकट. त्याच्या हाती किंमत वाढते. कारखाना निम्म्याहून अधिक बांबू काळ्या पाण्यात घालवतो. ज्याचा मोठा भाग जाळायचाच आहे असा माल कारखान्याला स्वस्तच हवा असतो. बांबूचा भाव पडता राहावा ही केवळ कुणाची दुष्ट बुद्धी नव्हती. ती शिजविण्याच्या रीतीतच बसलेली गरज होती.

कायदा बदलला

२००६ च्या वनहक्क कायद्याने बांबू हे गौण वनोपज ठरवले आणि त्यावर ग्रामसभेचा हक्क मान्य केला. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाला ऑगस्ट २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांनी कितीतरी वर्षे गावाबरोबर बसून अभ्यास केला होता, त्याचे हे फळ. तरीही बांबू बाहेर नेण्याचा परवाना वनखाते देईना. अखेर २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण गावात आले आणि वाहतूक परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिले. त्यानंतर गडचिरोलीतल्या अनेक ग्रामसभा आपला बांबू स्वतः विकू लागल्या. २०१७ च्या नोव्हेंबरमध्ये १९२७ च्या कायद्यातील 'वृक्ष' या व्याख्येतून बांबू वगळला गेला. शेतावरच्या बांबूला त्याचा फायदा झाला. नव्वद वर्षांनी कायदा वनस्पतिशास्त्राशी सहमत झाला म्हणावयाचे.

नवे विद्रावक

आता शास्त्राच्या नव्या अध्यायाकडे वळू. मिठाचा खडा वितळवायचा तर ८०१ अंश सेल्सियस उष्णता लागते. कारण मिठातले धन आणि ऋण आयन आकाराने नेटके. ते विटांसारखे घट्ट बसतात. पण एक आयन ओबडधोबड, वेडावाकडा घेतला तर रचना नीट बसत नाही आणि ते लवण अगदी थोड्या उष्णतेत, कधी तर हवेच्याच उष्णतेत, द्रव राहते. अशांना आयनी द्रव म्हणतात. रीगा येथील पॉल वाल्डेन याने १९१४ साली असे एक लवण वर्णिले. ते १२ अंशांवरच वितळते. १९३४ मध्ये ग्रेनाकर याने अशा जातीच्या लवणात सेल्युलोज विरघळते याचे पेटंट घेतले. पण कोणी फारसे लक्ष दिले नाही. २००२ साली अमेरिकेत अलाबामा विद्यापीठात रॉबिन रॉजर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो धागा पुन्हा उचलला, आणि २००७ च्या सुमारास सबंध लाकूड आणि लिग्निनही अशा द्रवांत विरघळवून दाखविण्यात आले.

येथे दोन वाटा आहेत. पहिल्या वाटेत सगळेच विरघळवतात आणि पाणी घालून सेल्युलोज खाली पाडतात. दुसऱ्या वाटेत असा द्रव निवडतात की लिग्निन तेवढे विरघळावे आणि तंतू तसाच राहावा. मग द्रवात पाणी घातले की लिग्निन पूड होऊन खाली बसते. लंडनच्या इंपीरियल कॉलेजात जेसन हॅलेट यांच्या गटाने ही दुसरी वाट धरली आहे. त्यांचा द्रव गंधकाम्ल आणि ट्रायएथिलअमीन या कारखान्यात सहज मिळणाऱ्या मालापासून होतो, म्हणून तो पूर्वीच्या द्रवांपेक्षा पुष्कळ स्वस्त पडतो.

यात गुण कोणते? शिजविताना सल्फाइड लागत नाही, म्हणून ती दुर्गंधी नाही. हे द्रव सहसा हवेत उडत नाहीत. आणि सर्वांत मोठी गोष्ट ही की लिग्निन जळून न जाता वेगळे हाती येते. त्यापासून चिकटद्रव्ये, राळ, कर्बतंतू करण्याचे प्रयत्न चालू आहेत. परंतु दोषही सांगितले पाहिजेत. उडत नाही म्हणजे निरुपद्रवी असे नव्हे. यांतले कित्येक द्रव पाण्यातल्या जिवांना विषारी आहेत. कित्येक मधासारखे दाट असतात. लिग्निन पाडायला जे पाणी घातले ते पुन्हा आटवावे लागते, त्याला कोळसा लागतो. शिवाय बांबूत वाळू, म्हणजे सिलिका, फार. क्राफ्टच्या रीतीत ती आटवणीच्या नळ्यांत खपली धरते आणि चुनाही बिघडवते. नव्या द्रवातही अशी राख साचत गेली तर तो वारंवार शुद्ध करावा लागेल.

आणि मुख्य कसोटी तीच जुनी. समजा, एक टन बांबूला पाच टन द्रव लागला आणि शंभरातला एकच भाग हरवला, तर टनामागे ५० किलो द्रव गेला. लगद्याच्या टनामागे शंभर किलोंहून अधिक. कॉस्टिकपेक्षा महाग द्रवाचा एवढा तोटा कोणता कारखाना सोसेल? टॉमलिन्सनच्या भट्टीने जे क्राफ्टसाठी केले ते या द्रवांसाठी कोणी तरी करावे लागेल. म्हणूनच ही रीत प्रयोगशाळेतून आणि लहान प्रायोगिक संयंत्रांतून मोठ्या धंद्यात अजून रुळलेली नाही.

दरम्यान दुसऱ्या रीतींनी काम पुढे गेले आहे. मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेने, म्हणजे आपल्या माटुंग्याच्या जुन्या यूडीसीटीने, शेतातल्या काडीकचऱ्यापासून इथेनॉल करण्याची रीत बसवली आणि २०१६ मध्ये उत्तराखंडातील काशीपूर येथे रोज १० टन कचरा घेणारे संयंत्र उभे राहिले. हरयाणात पानिपतला पुण्याच्या प्राज कंपनीच्या तंत्राने तणसापासून इथेनॉल करणारा कारखाना २०२२ मध्ये सुरू झाला. आसामात नुमालीगढ येथे तर बांबूचाच कारखाना १४ सप्टेंबर २०२५ रोजी सुरू करण्यात आला. तेथे फिनलंडच्या तंत्राने बांबूतले लिग्निन सेंद्रिय आम्लांनी, म्हणजे मुंग्यांच्या दंशातल्या आणि व्हिनेगरातल्या आम्लांनी, सोडवितात. वर्षाला लाखो टन बांबूची त्याची भूक आहे. आपले दोन जिल्हे धानाचे आणि बांबूचे. असा एखादा कारखाना उद्या वैनगंगेच्या काठी येणारच नाही असे कोणी छातीठोकपणे सांगू नये.

इतिहासाचा धडा

या इतिहासातून मला तीन गोष्टी दिसतात. पहिली, विद्रावक बदलला की कच्च्या मालाची किंमत बदलते. ज्या बांबूचा निम्म्याहून अधिक भाग आजवर भट्टीत गेला, त्यातले लिग्निन विकले जाऊ लागले, तर बांबूचा भाव वाढला पाहिजे. तो आपोआप वाढणार नाही; ग्रामसभेने करार करताना लिग्निनचाही हिशेब मागितला पाहिजे. दुसरी, दर नव्या रसायनाबरोबर कामगाराच्या अंगावर नवा धोका येतो, आणि वास येत नाही ही सुरक्षिततेची खूण नव्हे. द्रवाचे नाव, त्याचा परिणाम आणि त्यावरचा उपाय मराठीत, गोंडीत, कामाच्या जागी लिहिलेला असला पाहिजे. तिसरी, १९२५ साली कायद्याने कारखान्याला संरक्षण दिले आणि रानातला माणूस विसरला. २००६ च्या कायद्याने ती चूक काही अंशी दुरुस्त केली. नव्या धंद्याच्या सवलती देताना ती पुन्हा होऊ नये.

कोणी विचारील, कामगार चळवळीतल्या माणसाने ग्रामसभेची बाजू का घ्यावी? बांबू महाग झाला तर कारखाना अडचणीत येईल, आणि कारखाना अडचणीत आला तर पाळ्या कमी होतील. ही भीती खोटी नाही. पण बेटे संपली तर कारखान्याने दुसरीकडे तोंड वळविलेच आहे. निलगिरी आणि सुबाभूळ लांबून आणली जातात, आणि तो खर्चही अखेर मजुरीतूनच कापू पाहतात. जिवंत रान हीच कामगाराच्या नोकरीची खरी हमी. तोडणारा आणि शिजवणारा हे एकाच बांबूची दोन टोके धरून उभे आहेत.

लिग्निन सोडविण्याचे कौशल्य माणसाने कमावले, ते मोठेच आहे. सोडविलेल्या मालाची वाटणी कशी करावी, हे मात्र प्रयोगशाळेत ठरत नाही. ते मेंढ्यासारख्या गावाच्या गोटुलात, कारखान्याच्या दारावर आणि अशा सभांतून ठरते. तेथे बोलण्याइतकी माहिती आपणा प्रत्येकापाशी असावी, एवढ्यासाठीच हा सारा प्रपंच केला.